आजीचा दिवस मोठा, आपला लहान

प्रिय सई,

परवा संक्रांतीला व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "आजपासनं दिस तिळातिळानं मोठा व्हतो बघ." तू "हो आजी" म्हणालीस, तिळगुळाची वाटी कॅमेऱ्यासमोर धरलीस, वाकून नमस्कारही केलास. फोन ठेवल्यावर मात्र मला विचारलंस, "बाबा, इथे तर दिवस लहान होत चाललेत. आजी चुकीचं सांगते आणि आपण दरवर्षी ऐकून घेतो. का? आणि एवढ्या उकाड्यात काळे कपडे कशासाठी?" मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला जरा लागलं. प्रश्न बिनतोड होता म्हणूनच लागलं असेल. तोंडी सांगायला बसलो की मी भाषण देतो असं तुझं म्हणणं आहे, म्हणून लिहून काढतोय. कंटाळा आला तर मधली पानं गाळलीस तरी चालेल.

तुझा हिशेब बरोबर आहे. आपल्या मेलबर्नला २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस जवळजवळ पावणेपंधरा तासांचा असतो. तिथून तो उतरणीला लागतो आणि सध्या रोज साधारण मिनिटभराने कमी होतोय. जूनच्या शेवटी साडेनऊ तासांवर येईल. आजीच्या सातारा जिल्ह्यात सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरा वर आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. तिचा सूर्य आपल्या सूर्याइतका टोकाला जातच नाही. पृथ्वी २३.४ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे डिसेंबरात आपला अर्धा गोल सूर्याकडे झुकतो आणि जूनमध्ये आजीचा, हे तुला शाळेत शिकवलंय. पण आपल्या मराठी मंडळातल्या भल्याभल्यांना विचारून बघ, ते म्हणतील, थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर, आणि जुलैत १५ कोटी २० लाख. म्हणजे आजी शाल पांघरून बसते तेव्हा पृथ्वीला जुलैपेक्षा जवळजवळ सात टक्के जास्त ऊन मिळत असतं. फक्त ते तिच्याकडे तिरकं पोचतं. टॉर्च परातीवर सरळ धरली तर उजेडाचा लहानसा लख्ख गोल पडतो आणि तिरकी धरली तर तोच उजेड पसरून फिका होतो, तसं.

आता आजीची बाजू. तू म्हणशील, तिच्याकडेही दिवस २१ डिसेंबरनंतरच वाढायला लागतो, मग १४ जानेवारीला "आजपासनं" कसं? त्या तीन आठवड्यांत साताऱ्याकडे दिवस वाढतो तो जेमतेम पाच-सहा मिनिटं, आणि तीही संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. पृथ्वीचा मार्ग पुरता गोल नाही आणि आस कललेला आहे, म्हणून घड्याळाच्या मानाने सूर्याची दुपार या दिवसांत पुढे पुढे सरकत असते. पहाट लवकर व्हायला लागते ती संक्रांतीच्या आसपासच. आजी आयुष्यभर सूर्य उगवायच्या आधी उठून अंगण झाडत आली. तिला संध्याकाळची पाच मिनिटं कुठून कळणार? तिचा दिवस पहाटेवर मोजला जातो, आणि तिच्या अंगणात ती खरं बोलते. आपल्या बॅकयार्डात ते खोटं ठरतं, एवढंच.

आमच्या घरात सूर्य म्हणजे नुसता देव नव्हता. माण तालुका हा दुष्काळी पट्टा. तिथून महाबळेश्वर शंभरेक किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेसुद्धा झाला तर लोक म्हणणार, यंदा बरं वर्ष. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि घाटाच्या अलीकडे आमच्यावरून नुसतेच निघून जातात. आम्ही पोरं माना वर करून बघत बसायचो.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उशाला भिंतीवर कॅलेंडर असायचं. त्यात सूर्य कुठल्या नक्षत्रात कधी जातो ते लिहिलेलं असतं. ७-८ जूनच्या सुमारास मृग, मग दर तेरा-चौदा दिवसांनी पुढचं. आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा, हस्ताचा हत्तीचा. सणांच्या तिथी दरवर्षी मागेपुढे होतात, पण हे सूर्याचं गणित असल्यामुळे तारखेला पक्कं. शेतकऱ्याला तेच उपयोगी. प्रत्येक नक्षत्राला एक वाहनही असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आला की पाऊस चांगला, म्हणायचे. त्यावर माझा विश्वास नव्हता, आणि आबांचा तरी कितपत होता कोण जाणे. "यंदा मिरगाचं वाहन गाढव हाय," म्हणून हसायचे आणि चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे पेरणीची, तयारी करायचेच.

मिरगाचा पहिला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीतून लाल किडे वर यायचे. लालभडक, अंगावर मखमल असल्यासारखे, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. बोट लावलं की आठही पाय पोटाशी घेऊन गप्प पडायचे. आम्ही ते काडेपेटीत थोडी माती घालून ठेवायचो आणि शाळेत एकमेकांना दाखवायचो. वर्षाचा बहुतेक काळ ते मातीखाली काढतात, आणि जमीन तापून मग भिजली की बाहेर पडतात. कॅलेंडर न बघता त्यांना मिरूग कळायचा. तुला तो किडा दाखवायचा राहूनच गेलाय. आपण तिकडे जातो ते डिसेंबरात, शाळेला सुट्टी असते म्हणून.

गेल्या वर्षी तू शाळेतून कुलिन लोकांच्या सात ऋतूंचा तक्ता आणलास. पूर्णीत हा बेडकाच्या पिल्लांचा ऋतू, युक हा ईल माशांचा, वारिंग हा वॉम्बॅटचा. फ्रिजवर लावलास तेव्हा मी काही बोललो नाही, पण मनात आलं, हे तर आबांचंच काम. इथे हजारो वर्षं राहिलेल्या माणसांनी चार ऋतू कुणाकडून उसने घेतले नाहीत. ऊन जमिनीला काय करतं आणि त्यावर कोणता प्राणी बाहेर येतो ते बघून ऋतू मांडले. त्या तक्त्यात आपला संक्रांतीचा काळ बिदेरप आहे, कोरड्या उन्हाचा. तो तक्ता तुला आजीच्या वाक्यापेक्षा जास्त आपला वाटत असेल, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मला थोडं वाटतं. तो माझा प्रश्न.

पण एक गंमत सांगतो. एप्रिल-मेमध्ये भारताची जमीन रापते. समुद्राचं पाणी तितकं लवकर तापत नाही. त्यामुळे वायव्येकडे, राजस्थान आणि त्याच्या पलीकडे, हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचं वारं तिकडे खेचलं जातं. हे वारं निघतं कुठून? विषुववृत्ताच्या या बाजूने. मादागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात, आपल्या हिवाळ्यात उच्च दाबाचा मोठा पट्टा बसतो. तिथून निघालेलं वारं विषुववृत्त ओलांडताना वळतं, वाटेत अरबी समुद्राची वाफ उचलतं आणि नैर्ऋत्येकडून कोकणावर येतं. आजीकडचा मिरूग आणि आपला थंड, कुंद जून ही पृथ्वीच्या एकाच कलण्याची दोन रूपं आहेत. पुढे ऑक्टोबरात महाराष्ट्रातून पाऊस परततो, ढगांचा पट्टा सूर्यामागे दक्षिणेला सरकतो, आणि डिसेंबरच्या शेवटाला डार्विनला पावसाळा लागतो. आजी तिळगूळ वळत असते तेव्हा तिचा पाऊस आपल्या देशाच्या वरच्या टोकाला उतरलेला असतो.

आणि जेव्हा बिघडतं तेव्हाही बऱ्याचदा दोन्हीकडे एकदम बिघडतं. १९७२ साली प्रशांत महासागरात एल निनो होता. महाराष्ट्रात दुष्काळ पडला, आणि इकडे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडेही पाऊस ओढला. आजी तेव्हा नवी नवरी होती. दुष्काळी कामावर रस्त्याला बसून खडी फोडायची आणि तिथे मिळालेली सुकडी घरी आणायची. याबद्दल ती फार बोलत नाही. मी लहानपणी एकदा विचारलं तर म्हणाली, "ऊन लई व्हतं," आणि विषय बदलला. हीच बाई रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात सूर्यासाठी दूध उतू घालवते. ज्याने जाळलं त्यालाच दूध कशाला, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही. तू विचारशील. तुझ्यात ते धाडस आहे.

तारखेचं आता थोडक्यात सांगतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने धरतात आणि ऋतू सूर्याच्या हिशेबाने चालतात. दोन्ही वर्षांत वीसेक मिनिटांचा फरक आहे, म्हणून साधारण ७०-७२ वर्षांत संक्रांत ऋतूच्या एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद मकर संक्रांतीला जन्मले, तो दिवस होता १२ जानेवारी १८६३. आता ती १४-१५ला येते. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत तर ती १० जानेवारीच्या आसपासच होऊन जाते. १९५७ मध्ये सरकारने भारतीय सौर दिनदर्शिका आणली. तिच्यात पौष २२ डिसेंबरला सुरू होतो, अगदी तुझ्या हिशेबाप्रमाणे. ती सरकारी कागदांवर छापली जाते. तिच्यावर सण कुणी करत नाही.

काळ्या कपड्यांचं. काळा रंग ऊन धरून ठेवतो, तीळ उष्ण, म्हणून थंडीत हे, असं मंडळातल्या काकू सांगतील. असेलही. मला हे कारण नंतर शोधल्यासारखं वाटतं. आईकडे काळी साडी एकच होती आणि ती संक्रांतीलाच निघायची, एवढंच मला माहीत आहे. सुगडात मात्र जे भरायचो त्याला काही कारण लागायचं नाही, कारण ते सगळं शेतातच असायचं. गाजर, बोरं, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची लोंबी. शाळूचा हुरडा निघालेला असायचा. शाळूला दिवस लहान झाला की कणीस धरायचं कळतं, म्हणून तो हिवाळ्यातच हाताशी येतो. आम्ही भिंतीला पाठ लावून तासन्‌तास ऊन खात बसायचो. इथे उन्हाळ्यात तुला शाळेत टोपी नसेल तर मैदानात सोडत नाहीत आणि मी तुझ्यामागे सनस्क्रीन घेऊन धावतो. बाजारात चेरी आणि पीच. आपण सुगडात फ्रोझन सोलाणे भरतो आणि हळदीकुंकवाला बायका काळ्या पैठण्या नेसून एसी हॉलमध्ये बसतात. हसू येतं, मान्य. पण तुझी आईसुद्धा त्यांच्यात असते आणि त्या दिवशी ती फार खूश असते.

हे घर घेतलं तेव्हा आबांना फोनवर सांगितलं, बैठकीच्या खोलीचं तोंड उत्तरेला आहे, ऊन चांगलं येतं. त्यांनी विचारलं, "उत्तरंला सूर्य?" मी हो म्हटलं. इथे भर उन्हाळ्यातही तो दुपारी डोक्यावर येत नाही, उत्तरेकडेच राहतो. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो नेमका माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग तिथलं तिथं बघून करा." आई मागून म्हणाली, "सण मातुर सोडू नका." मी अजून या दोन वाक्यांच्या मध्येच कुठेतरी आहे.

म्हणून एक सुचवतो, आवडलं तर कर. १४ जानेवारीला आजीला फोन करायचा तो करूच, कारण तो दिवस तिचा आहे, आणि तिने जे म्हणायचं ते म्हणू दे. आणि २१ जूनला, आपला सगळ्यात लहान दिवस असतो तेव्हा, बाहेर सात-आठ डिग्री असताना तू काळं स्वेटर घाल, आपण तिळगूळ करू. दुसऱ्या दिवसापासून इथला दिवस खरोखरच तिळातिळाने वाढायला लागेल. तुझी आई म्हणेल, सणाशी खेळ नको. तिला मी बघतो. जूनमधल्या तिळगुळाचं आजीला सांगायचं काम मात्र तुझं, आणि तेही मराठीत.

तुझा,
बाबा