‘नव्याने’ की ‘वरून’?

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या महिला मंडळात सध्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय चालू आहे. माझ्या पवित्र शास्त्रात ‘नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही’ असे आहे, तर सुनेच्या इंग्रजी बायबलात तळटीप आहे : ‘किंवा वरून’. दोन्हींतले खरे कोणते? भाषांतर करणाऱ्यांनी एकदाच काय तो अर्थ ठरवून सोप्या शब्दांत का लिहू नये?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : सलाम, ताई. चोवीस वर्षे मी ग्रीक शिकवले आणि दर वर्षी पहिला तास याच शब्दाने सुरू केला, म्हणून तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मूळ शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचा अर्थ ‘वरून’ असा होतो, तसाच ‘पुन्हा, नव्याने’ असाही होतो. तेव्हा तुमचे शास्त्रही बरोबर आणि सुनेची तळटीपही बरोबर. एकेकटे घेतले तर मात्र दोन्ही अर्धे.

निकदेम नावाचा यहूदी पुढारी रात्री येशूकडे येतो, येशू त्याला हा शब्द ऐकवतो. निकदेमाच्या कानी त्यातला ‘पुन्हा’ तेवढा पडतो. म्हणून तर तो विचारतो की म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात दुसऱ्यांदा कसे जावे? पण योहान हाच शब्द पुढे कुठे कुठे वापरतो ते पाहा. त्याच अध्यायाच्या ३१व्या वचनात, ‘जो वरून येतो’ तिथे. १९व्या अध्यायात, रोमी सुभेदार पिलाताला अधिकार वरून मिळाला आहे असे येशू सांगतो तिथे. आणि शिपायांनी चिठ्ठ्या टाकलेला येशूचा तो बिनशिवणीचा अंगरखा वरपासून विणलेला होता, तिथेही. तिन्ही जागी अर्थ ‘वरून’च आहे. मग भाषांतरकाराने करावे काय? ‘वरून’ लिहिले तर निकदेमाच्या प्रश्नाला बूडच राहत नाही. ‘नव्याने’ लिहिले तर ३१व्या वचनापर्यंत गेलेला धागा तुटतो.

मराठी इथे अगदीच रिकाम्या हाताची नाही. मूल धडा वाचताना अडखळले की आपण म्हणतो, ‘परत वरून वाच.’ वरून म्हणजे पानाच्या माथ्यापासून, म्हणजेच नव्याने. पण ‘वरून जन्मणे’ म्हटल्यावर हे कुणाच्या मनात येत नाही. म्हणून मजकुरात ‘नव्याने’ आणि खाली तळटीप ‘किंवा वरून’, हेच मला प्रामाणिक वाटते.

याच संवादात ८वे वचन तर आणखी अवघड. वारा पाहिजे तिकडे वाहतो आणि आत्म्यापासून जन्मलेल्याचे तसेच असते, असे आपण वाचतो. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा या दोन्हींना ‘न्यूमा’ हा एकच शब्द आहे. हिब्रूतही ‘रूआख’ म्हणजे दोन्ही. ऐकणाऱ्याला उपमा जुळवावी लागत नाही, ती शब्दातच असते. आपण दोन शब्द लिहितो आणि ती गाठ सुटते. माझी आजी म्हणायची, ‘तिच्या अंगात वारं येतं.’ बघा, आपल्याही बोलीत वारा आणि अंगात संचारणारी शक्ती एकाच शब्दात आहेत! हा शब्द वापरावा असे मला एकेकाळी फार वाटे. पण तो वाचताच आपल्या लोकांना देवीपुढे मोकळ्या केसांनी घुमणारी बाई दिसते, आणि त्या वचनाला ते म्हणायचे नाही. मोह सोडावा लागला. इथेही तळटीपच हवी.

आता ‘सोपे का करू नये’. सोपे जरूर करावे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे भाषांतर केले, ते साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणूनच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच ते छापले गेले. १९२४ साली ते पूर्ण प्रसिद्ध झाले, तेव्हा बाई हयात नव्हत्या. पण शब्द सोपा करणे वेगळे आणि लिहिणाऱ्याने उघडे ठेवलेले दार आपण लावून घेणे वेगळे. प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१४) लिहितो, ‘ख्रिस्ताची प्रीती’ आम्हांला आवरून धरते. ख्रिस्ताने आमच्यावर केलेली, की आम्ही ख्रिस्तावर केलेली? आपण ‘आईची माया’ म्हणतो तेव्हा माया आई करते. ‘आईची आठवण’ म्हणतो तेव्हा आठवण आपण काढतो. प्रत्यय तोच. मराठीला हे सहज पेलते, तर तिथे ‘ख्रिस्ताची आमच्यावरील प्रीती’ असे फोडून लिहायची मला गरज दिसत नाही, जरी बहुतेक अभ्यासक तोच अर्थ घेतात आणि मलाही तोच पटतो.

शब्दशः लिहून मात्र भागत नाही. येशूच्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणारा जकातदार आपली छाती बडवतो (लूक १८:१३). ‘छाती ठोकून’ लिहिले असते तर तो फुशारकी मारणारा झाला असता. आपल्या भाषांतरात ‘ऊर बडवणे’ आहे. क्रिया जवळजवळ तीच, पण पश्चात्ताप बरोबर उतरला.

प्रश्न : रोमकरांस पत्रात (१२:२०) भुकेल्या शत्रूला जेवू घालून त्याच्या डोक्यावर निखारे रचायला सांगितले आहे. हा सूड नव्हे काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : पौल इथे नीतिसूत्रांच्या २५व्या अध्यायातले वचन उद्धृत करतो. काहींना निखारे म्हणजे देवाची शिक्षा वाटते, काहींना आतून पोळणारी लाज. काही सोप्या भाषांतरांनी सरळ ‘लाज’ लिहून टाकले आहे. पौलाने आदल्याच वचनात सूड घेऊ नका म्हटले आहे आणि पुढच्या वचनात बऱ्याने वाइटाला जिंकायला सांगितले आहे, म्हणून मीही लाजेच्याच बाजूची आहे. पण हा माझा कौल झाला, त्याची जागा तळटीपेत. वचनात मी निखारेच ठेवीन.