लॅव्हेंडर बघायला जाताना थोडं खोडून टाक

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू आणि तुझी मैत्रीण लॅव्हेंडरची शेतं बघायला फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला निघालात, याचा मला मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेला कार्यक्रमही पाहिला. चार दिवस आणि नऊ ठिकाणं. वर तूच ‘निवांत सहल’ असं लिहिलं आहेस, म्हणून स्पष्ट सांगते: यातली सात ठिकाणं खोडून टाक.

मीही असाच भरगच्च कार्यक्रम घेऊन गेले होते. बरोबर कॉलेजपासूनची मैत्रीण होती. पहिले दोन दिवस आम्ही बहुतेक वेळ गाडीतच काढले. ती गाडी चालवत होती आणि मी नकाशा बघून पुढच्या गावाची घाई करत होते. सेनांकचा मठ पाहिला. ११४८ साली स्थापन झालेला, दगडी, देखणा, समोर लॅव्हेंडरच्या ओळी. तिथे आम्ही वीस मिनिटं थांबलो असू. तिसऱ्या दिवशी वालाँसोलच्या पठारावर पोचलो, तर जिथे थांबलो तिथली सगळी शेतं कापून झालेली. नजर पोचेल तिथवर राखाडी-हिरव्या गोल झुडपांच्या ओळी, आणि तुरा औषधालाही नाही. हवेत वास मात्र दाटून राहिलेला. मैत्रीण गाडीतून उतरलीच नाही. “तू बघून ये,” एवढंच म्हणाली. शेत हुकल्यापेक्षा तिचं ते न उतरणं मला जास्त लागलं, कारण दोन दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय बघायचंय.

तारखांची चूक माझीच होती. वालाँसोलचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटरवर आहे. तिथला बहर साधारण जूनच्या शेवटी भरात येतो आणि जुलैच्या मध्यानंतर यंत्रं शेतात उतरतात. आम्ही गेलो तेव्हा जुलै उतरणीला लागला होता. पण वर, साडेसातशे मीटरच्या पुढे, सो नावाचं गाव आहे. तिथे सगळं थोडं उशिरा होतं, कापणीही. लॅव्हेंडरच्या बाबतीत उंची आधी बघायची आणि मग तारीख, हे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मला तरी कळायला हवं होतं.

त्या दुपारी आम्ही उरलेली सगळी ठिकाणं सोडून दिली, सोला गेलो आणि परतीच्या दिवसापर्यंत तिथून हललो नाही. माझ्या आठवणीत आज जी सहल आहे ती तिथूनच सुरू होते.

एकाच शेताच्या बांधावर सलग तीन सकाळी बसल्यावर काय दिसतं ते सांगते. सूर्य उगवायच्या आधी शेत जांभळं नसतंच, निळसर राखाडी असतं, धुरासारखं. ऊन तिरपं पडलं की अर्ध्या तासात रंग चढतो. दहानंतर तो फिका पडायला लागतो आणि भर दुपारी तर पार विटल्यासारखा होतो. लोक नेमके दुपारी येतात आणि चित्रात होतं तसं काही नाही म्हणून हिरमुसतात. संध्याकाळी रंग पुन्हा परततो, आणि जुलैत तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबच लांब असते. तेव्हा सकाळ आणि संध्याकाळ शेताला द्या. दुपारी सावलीत झोपा, वाचा, गप्पा मारा. दुपारी काही बघितलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

जवळ वाकून एक तुरा नीट बघ, पण तोडू नकोस. दांडा सरळ एकटाच वर गेला असेल आणि टोकाला एकच तुरा असेल, तर ते खरं लॅव्हेंडर. मुख्य तुऱ्याच्या खाली दोन बाजूंना आणखी दोन छोटे तुरे फुटले असतील, तर ते लॅव्हंडिन. वालाँसोलला मैलोन्मैल दिसतं ते बहुतेक लॅव्हंडिनच. हा संकर आहे आणि तो वांझ आहे, त्याला बी धरत नाही, म्हणून सगळी लागवड छाटांपासून होते. तिथल्या ओळी एका साच्यातून काढल्यासारख्या दिसतात त्या यामुळे: एका वाणाच्या शेतातलं प्रत्येक झुडूप हे एकाच झुडपाची प्रत असतं. खरं लॅव्हेंडर बियांपासून लावलेलं असेल तर शेजारशेजारची दोन झुडपं सारखी नसतात. एक गर्द, एक फिकं, मधूनच एखादं जवळजवळ गुलाबी. बोटांनी कळ्या हलक्या चोळून वास घे. लॅव्हंडिनला कापराची धार असते, खऱ्या लॅव्हेंडरचा वास मऊ असतो. आणि आपण ज्याला फूल समजतो तो जांभळा रंग मुख्यतः निदलपुंजाचा, म्हणजे फुलाला खालून धरणाऱ्या छोट्या पेल्याचा. खरी फुलं त्यातून एकेक करून बाहेर येतात आणि लवकर गळतात. तेलाच्या बारीक ग्रंथीही त्या पेल्यावरच असतात. हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं. पण दोन वास नाकाशी आलटूनपालटून धरले ते तिथे, पहिल्यांदा.

माझी मैत्रीण यातलं काही बघत नव्हती. ती डोळे मिटून मधमाश्या ऐकत होती. सकाळी गारव्यात शेत शांत असतं, ऊन तापत गेलं की गुणगुण वाढत जाते, आणि शेवटी सगळं शेतच घुमायला लागतं. दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, “आता आवाज त्या टोकाकडून येतोय, ऊन तिकडे आधी पोचतं.” मी पाहिलं तर खरंच तसं होतं. माझ्या लक्षातही आलं नसतं. म्हणून सांगते, एका जागी बसलात तरी दोघींनी एकच गोष्ट बघायला हवी असं नाही. तिला तिचं बघू दे. न बोलता तासभर गेला तर तो जाऊ दे, भरायला धावू नकोस.

फोटो काढू नकोस असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये होक्काइदो बेटावर फुरानोच्या परिसरात पूर्वी तेलासाठी लॅव्हेंडर लावत. १९७० च्या दशकात कृत्रिम सुगंध आणि स्वस्त आयात तेल यांच्यापुढे तो धंदा बसला आणि शेतकऱ्यांनी झुडपं उपटायला सुरुवात केली. फार्म तोमिता नावाच्या एका शेतमळ्याने मात्र आपलं शेत राखलं. १९७६ साली त्या शेताचा फोटो जपानी रेल्वेच्या कॅलेंडरवर आला आणि लोक बघायला येऊ लागले. एका फोटोने शेताला हात दिला. तेव्हा फोटो काढ, पण आधी बसून घे आणि मग काढ.

मात्र ही बाग नाही, कुणाचं तरी पीक आहे, हे मनात असू दे. झुडपावर पाय देऊन ओळी ओलांडू नका. रंगीत कपडे घालून मधोमध झोपून फोटो काढणारे तुला दिसतील. त्यांच्या खाली मोडलेला प्रत्येक दांडा म्हणजे गेलेलं तेल. एक किलो तेलाला खऱ्या लॅव्हेंडरची १०० किलोहून जास्त फुलं लागतात. जमलं तर कापणीच्या दिवसांत एखादी ऊर्ध्वपातन भट्टी, म्हणजे वाफेने तेल काढायची जागा, बघ. आम्ही गेलो तेव्हा तेल काढून उरलेला चोथा बाहेर ढिगाने पडला होता, वाफाळत. वास इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. कुपीतला मुलायम सुगंध याच धगीतून येतो हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. या शेतांकडे बस फार कमी जातात, गाडी लागेलच. चालवणारीला बाजूचं काही दिसत नाही, म्हणून आळीपाळीने चालवा. डोक्यावर टोपी आणि जवळ भरपूर पाणी हवं. कार्यक्रमातला एक अख्खा दिवस कोरा सोड, आणि त्या दिवसाचं काय करायचं ते मैत्रिणीला ठरवू दे. तिने काहीच ठरवलं नाही तरी चालेल.

तुमच्या तारखा पत्रात नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात असाल तर वालाँसोलला मुक्काम करा, पंधरा तारखेच्या पुढे असाल तर थेट सोला जा. तिकीट काढण्याआधी मला कळव. आणि हा कार्यक्रम तिने पाहिलाय का, तेही विचारून लिही.

तुझ्या,
बाई