११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी पैसा कोण देतं आणि हिशेब कोण बघतं?

सुरुवातीचा मोठा पैसा केंद्राच्या निर्भया निधीतला, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निधीतला. २०१३ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या या निधीतून ११२ साठी सुमारे ३२१ कोटी रुपये मंजूर झाले. प्रकल्प गृह मंत्रालयाचा, सॉफ्टवेअर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं. निधीचे प्रस्ताव महिला व बालविकास सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तपासते.

पण पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून रोजचा खर्च राज्यावर. फोन लागला की नियंत्रण कक्षातल्या स्क्रीनवर फोन करणाऱ्याचं ठिकाण दिसतं, मग जवळच्या गाडीतल्या टॅबवर निरोप जातो. त्या गाडीचं डिझेल, बंद पडलेला टॅब, रात्रपाळीची माणसं हा खर्च कधीच संपत नाही आणि माझ्या मते खरी देखरेख इथेच हवी. गाडी किती मिनिटांत पोहोचते, याचे तुमच्या जिल्ह्याचे आकडे माहिती अधिकारात जरूर मागा.