तिघांचे ‘द्वंद्व’ की तिरंगी लढत?

सेर्जियो लेओने यांच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटाच्या शेवटी तिघेजण एकमेकांवर पिस्तुले रोखण्याच्या तयारीत उभे राहतात, त्या प्रसंगाला ‘तिहेरी द्वंद्व’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. कृपया म्हणू नये. तिहेरी म्हणजे तीन पदरांचे. ते विशेषण वेणीला शोभते, परस्परांचे वैरी असलेल्या तिघांना नव्हे, तरीही चित्रपटविषयक लेखनात ते सतत भेटते.

इटालियन भाषेत या प्रसंगाला ‘त्रिएल्लो’ म्हणतात. हा शब्द ‘दुएल्लो’वरून घडवलेला आहे, आणि खरा आनंद येथेच आहे, कारण ‘दुएल्लो’तला ‘दु’ मुळात दोनाचा नाहीच. लॅटिनमधील युद्धवाचक ‘बेल्लुम्’ या शब्दाचे जुने रूप ‘दुएल्लुम्’ होते. मध्ययुगात त्यात लोकांना ‘दुओ’, म्हणजे दोन, ऐकू आले आणि युद्धाचे दोघांचे युद्ध झाले. त्या ऐकीव दोनाचे पुढे तीन झाले. आपल्या ‘द्वंद्वा’त मात्र दोन अस्सल आहे, तेही द्विरुक्त. द्वंद्व समासात ‘तन-मन-धन’ बसते, मग द्वंद्वात तिघे का नकोत, हा व्याकरणप्रेमींचा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही, कारण समासातील पदे ‘आणि’ने जोडलेली असतात, ती एकमेकांवर गोळी झाडत नाहीत.

मराठीत ‘तिरंगी लढत’ तयार आहे. त्यातला रंग झेंड्यांचा, असे जाणकार ठामपणे सांगतात. मग बिनझेंड्याचा अपक्ष उभा राहिला की लढत चौरंगी कशी होते? माझ्या मते हा रंग ‘रंगभूमी’तला, म्हणजे आखाड्याचा आहे. लेओने यांनी या प्रसंगासाठी स्पेनमधील बुर्गोस प्रांतात उभारलेल्या दफनभूमीच्या मध्यभागी नेमका तसा गोल फरसबंद आखाडा आहे. प्रथम दुरून दिसणारी तीन माणसे, मग हात, मग केवळ डोळे, अशी दृश्ये आखूड होत जातात आणि संगीतकार एन्नियो मोरिकोने यांचा ट्रम्पेट त्यांच्याबरोबर चढत जातो. येथे संगीत पार्श्वभूमीला नसून चौथ्या गड्यासारखे रिंगणात उतरलेले आहे.

या तिघांपैकी तूकोचे पिस्तूल दुसऱ्याने, म्हणजे ब्लाँडीने, आदल्या रात्रीच रिकामे केलेले असते, हे मात्र आपल्याला नंतर कळते. म्हणजे प्रत्यक्षात झुंज दोघांचीच होती आणि तिला ‘द्वंद्व’ म्हणायला माझी हरकत नाही. ‘तिहेरी’ ती तेव्हाही नव्हती.