इतिहासकार पीटर ब्राऊन यांनी 'उत्तर-प्राचीन काळ' ('लेट अँटिक्विटी', म्हणजे प्राचीन जगाची शेवटची शतकं) शोधून काढला असं म्हणतात, ते खरं आहे का? त्यांचं काम वाचायला कुठून सुरुवात करावी?

'शोधून काढला' हे शब्दशः घेऊ नका. नाव आधीपासून होतं. व्हिएन्नाचे कला-इतिहासकार आलोइस रीगल १९०१ सालीच या काळातल्या कारागिरीबद्दल लिहीत होते आणि जर्मन अभ्यासकांना ही संज्ञा परिचयाची होती. पण त्या नावाच्या कालखंडात हाडामांसाची माणसं आणून बसवली ती ब्राऊन यांनी. तुमच्या प्रश्नातलं श्रेय त्यांना द्यायचं असेल तर ते यासाठी द्यावं.

मी इतिहास शिकवते. बी.ए.ला असताना 'रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे सांगा' हा हमखास येणारा प्रश्न होता. ४७६ साली ओडोएकर या सेनानीने पश्चिम रोमन साम्राज्याच्या शेवटच्या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं, की उत्तर संपायचं. मीही ते पाठ केलं आणि पुढे नोकरीला लागल्यावर मुलांना लिहूनही दिलं. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात ब्राऊन यांचं १९७१ सालचं 'द वर्ल्ड ऑफ लेट अँटिक्विटी' हाती आलं. चित्रांनी भरलेलं, दोनशे-सव्वादोनशे पानांचं पुस्तक. साधारण इ.स. १५० ते ७५० हा पट. त्यात ४७६ हे वर्ष जवळजवळ बिनमहत्त्वाचं ठरतं, कारण त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट होता, अलेक्झांड्रियात व्याख्यानं चालू होती आणि सीरियातल्या खेड्यांत दगडी घरं बांधली जात होती. सासानी इराण आणि सुरुवातीचा इस्लाम या पुस्तकात परके म्हणून येत नाहीत, ते त्याच जगाचे वारसदार म्हणून येतात. त्या वर्षीपासून मी तो प्रश्न वर्गात वेगळ्या तऱ्हेने शिकवते.

माणूस कोण, तर जन्म १९३५, डब्लिन, प्रोटेस्टंट कुटुंब. वडील सुदानच्या रेल्वेत नोकरीला, त्यामुळे अगदी लहानपणची काही वर्षं सुदान आणि आयर्लंड अशी वाटली गेली. शिक्षण ऑक्सफर्डला. १९५६ साली, एकविसाव्या वर्षी, ऑल सोल्स कॉलेजची फेलोशिप मिळाली. पीएच.डी. त्यांनी कधीच पुरी केली नाही. पुढे लंडन, बर्कली आणि शेवटी प्रिन्स्टन. मानव्यविद्यांतल्या कामासाठीचा २००८ सालचा क्लुगे पुरस्कार त्यांना आणि आपल्या रोमिला थापर यांना मिळून दिला गेला. ही जोडी मला फार समर्पक वाटते. दोघांनीही आपापल्या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाची जुनी, ठोकळेबाज कालविभागणी मोडायला लावली.

त्यांचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे १९६७ सालचं संत ऑगस्टिनचं चरित्र. तेव्हा ब्राऊन बत्तीस वर्षांचे होते. ऑगस्टिन ३५४ साली आजच्या अल्जीरियात जन्मला, हिप्पो या बंदराच्या गावी बिशप झाला आणि ४३० साली, वँडल टोळ्यांचा गावाला वेढा पडलेला असताना, तिथेच वारला. या चरित्रातला तरुण ऑगस्टिन विलक्षण जिवंत आहे. म्हातारा ऑगस्टिन मात्र कठोर उतरलाय. विरोधकांवर सरकारी बळ वापरायला संमती देणारा, माणसाच्या पापी स्वभावाबद्दल हटून बसलेला अधिकारी धर्मगुरू.

आणि मग नवे कागद सापडले. १९७५ साली योहानेस दिव्याक या ऑस्ट्रियन अभ्यासकाला ऑगस्टिनच्या पत्रव्यवहारातली एकोणतीस अज्ञात पत्रं मिळाली. १९९० साली फ्रान्स्वा दोल्बो यांना जर्मनीत माइन्झच्या ग्रंथालयातल्या एका पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात सव्वीस प्रवचनं मिळाली. काही पूर्णपणे नवी, काहींचा तोवर फक्त तुकडाच ठाऊक होता. या पत्रांतला म्हातारा वेगळा निघाला. थकलेला, बारीकसारीक तक्रारींत गुंतलेला, आणि लोकांचं दुःख पाहून पुन्हा पुन्हा खटपट करणारा.

ब्राऊन यांनी काय केलं, ते मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. २००० साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी १९६७ चा मजकूर गुपचूप दुरुस्त केला नाही. तो तसाच ठेवला आणि शेवटी दोन नवी प्रकरणं जोडली. त्यांत आपण तरुणपणी या बिशपच्या अधिकाराला प्रमाणाबाहेर कठोर रंगवलं, हे नीट कबूल केलं, आणि नव्या पुराव्याने चित्र कुठे बदलतं तेही दाखवलं. तिशीतला इतिहासकार आणि पासष्टीतला इतिहासकार एकाच बांधणीत शेजारी बसलेत. असं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे एकदाच घडलं असंही नाही. १९७१ साली त्यांनी 'पवित्र पुरुष' या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला. सिमिऑन नावाचा तपस्वी अलेप्पोजवळ एका खांबावर छत्तीसेक वर्षं उभा राहिला. हे वेड का लोकप्रिय झालं? ब्राऊन म्हणाले, खांबाखाली कोण येतं ते बघा. कर्जाचे तंटे, पाण्याची भांडणं, कर वसूल करणाऱ्यांविरुद्धच्या कैफियती घेऊन गावकरी येत. जो कोणाचाच नातलग नाही, ज्याला जमीन नको, बायको नको, त्याच्या निवाड्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. साधू म्हणजे त्या खेड्यांचा मध्यस्थ. इतकं साधं, पण त्याआधी असं कोणी मांडलं नव्हतं. त्यामागे मानववंशशास्त्राचं वाचन होतं. पुढे १९८० आणि ९० च्या दशकांत त्यांनीच लिहिलं की या निबंधात देवाधर्माचा भाग कमी पडला, मी साधूला नुसता पंच करून टाकला. शिष्याला गुरूत जे दिसतं ते मी नीट पाहिलं नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती मला मोलाची वाटते. पुरातत्त्वज्ञ ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी २००५ साली मातीची भांडी, कौलं, नाणी यांचा हिशेब मांडून दाखवलं की पश्चिमेत, विशेषतः ब्रिटनमध्ये, सामान्य माणसाचं राहणीमान खरोखर कोसळलं होतं. ब्राऊन यांच्या बाजूचे लोक 'ऱ्हासा'ऐवजी वापरतात तो 'परिवर्तन' हा शब्द अशा वेळी फार मऊ पडतो. माझ्या मते इथे टीकाकारांचं बरोबर आहे. पूर्वेकडे पाहिलं की ब्राऊन पटतात, ब्रिटनकडे पाहिलं की वॉर्ड-पर्किन्स. वर्गात मी दोघांची पानं एकाच आठवड्यात वाचायला देते.

आता कुठून सुरुवात करायची? धर्मशास्त्राची सवय नसेल तर सिमिऑनवरचा निबंध आधी वाचा. तासाभरात होतो. मग ऑगस्टिनचं चरित्र, पण २००० ची आवृत्तीच मिळवा आणि शेवटची दोन प्रकरणं वगळू नका. 'थ्रू द आय ऑफ अ नीडल' हे २०१२ सालचं, श्रीमंती आणि चर्च यांवरचं पुस्तक फार मोठं आहे. ते सावकाश, सुट्टीत.

आणि शक्य झालं तर दिव्याकच्या पत्रांतलं दहावं पत्र शोधून वाचा. गुलामांचे व्यापारी उत्तर आफ्रिकेतून माणसं पळवून जहाजांवर चढवत होते. हिप्पोच्या चर्चमधल्या लोकांनी त्यांतल्या सुमारे एकशेवीस जणांची सुटका केली. ऑगस्टिन लिहितो, यांतले जेमतेम पाच-सहा आईबापांनी विकलेले होते, बाकीचे पळवलेलेच. सुटलेल्यांत एक लहान मुलगी होती. त्याने तिला विचारलं, तुला कुठून नेलं? ती म्हणाली, घरातून. घरी एकटी होतीस का? नाही, आईवडील होते, भाऊ होते. तिला न्यायला भाऊ आला होता. ती लहान म्हणून मग तोच सांगू लागला की ते लोक रात्री कसे येतात.