वाचक विचारतात : लिनक्सवर वाय-फायचा ड्रायव्हर कंपाइल करताना

(आज्ञा व फाइलींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत.)

प्रश्न : आमच्या शाळेतील जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट २१ बसवले आहे. वर्गखोल्यांपर्यंत केबल नेणे शक्य नसल्याने आम्ही यूएसबीचे वाय-फाय डोंगल घेतले. ते चालेना, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने ड्रायव्हरचा सोर्स कोड उतरवून 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या आज्ञा दिल्या व वाय-फाय सुरू करून दिले. पुढे अपडेट झाले आणि ते पुन्हा बंद पडले. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिल्यावर रिअलटेक, ०बीडीए:सी८११ असे दिसते. एका संगणकावर मात्र ०बीडीए:१ए२बी असे दिसते व पडद्यावर डिस्कचे चिन्ह येते. दर अपडेटनंतर हा खटाटोप करावा लागेल का? – एक शिक्षिका, वाई

उत्तर : करावा लागणार नाही; किंबहुना आपल्या डोंगलसाठी ड्रायव्हर कंपाइल करण्याची (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची) गरजच आता उरलेली नाही. ते कसे, हे समजण्यासाठी आधी वाय-फाय बंद का पडले ते पाहू.

ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यामध्ये) जोडले जाणारे एक मॉड्यूल, म्हणजे सुटा भाग. 'मेक' दिल्यावर ते त्या वेळी चालू असलेल्या कर्नलच्या हेडर फाइलींवरून (त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन देणाऱ्या फाइलींवरून) तयार होते, त्याच कर्नलच्या आवृत्तीची खूण त्यावर उमटते आणि 'मेक इन्स्टॉल' ते त्याच आवृत्तीच्या फोल्डरमध्ये ठेवते. अपडेटमध्ये नवे कर्नल आले की त्याचे फोल्डर वेगळे असते आणि तेथे हे मॉड्यूल नसते. म्हणजे आपला ड्रायव्हर बिघडलेला नाही, तो जुन्या कर्नलपाशी राहिला आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचे कर्नल निवडल्यास वाय-फाय परत येईल. तासिका खोळंबली असेल तेव्हा हा उपाय अवश्य करावा, पण तो तात्पुरता समजावा.

कर्नलचे विकासक वापरकर्त्यांचे प्रोग्राम मोडू नयेत याची काटेकोर काळजी घेतात. कर्नलच्या अंतर्गत रचनेबाबत मात्र ते असे कोणतेही वचन देत नाहीत आणि हे त्यांचे जाणीवपूर्वक ठरवलेले धोरण आहे. एखादे अंतर्गत फंक्शन बदलणारा विकासक कर्नलच्या सोर्समधील सर्व ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करतो, परंतु कर्नलच्या बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरकडे पाहणारे तेथे कोणी नसते. २०२० मध्ये ५.६ या कर्नलने 'प्रॉक' फाइलींसाठी (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या आभासी फाइलींसाठी) 'प्रॉक_ऑप्स' ही नवी रचना आणली, तेव्हा रिअलटेकच्या सोर्समधील 'आरटीडब्ल्यू_प्रॉक.सी' या एका फाइलीपाशी असंख्य लोकांचे कंपाइल अडले. सोर्स कालपर्यंत व्यवस्थित कंपाइल होत होता, एवढ्यावरून तो उद्याही होईल असे धरून चालू नये. माझे मत असे की, कर्नलमध्ये ड्रायव्हर उपलब्ध असेल तर बाहेरच्या सोर्सला हात लावू नये.

आपल्या डोंगलमधील चिपसाठी तो उपलब्ध आहे. 'आरटीडब्ल्यू८८' हा ड्रायव्हर २०१९ मध्ये ५.२ या कर्नलमध्ये आला आणि फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ पासून त्यात यूएसबी डोंगलची सोय झाली. मिंट २१ मूळ ५.१५ कर्नलवर असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला सोर्सकडे वळावे लागले, यात त्याचे काही चुकले नाही. आता मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' या मेनूतील 'लिनक्स कर्नल्स' उघडून ६.८ मालिकेतील कर्नल बसवावे. त्यासाठी लागणारे इंटरनेट अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यावर 'यूएसबी टेदरिंग' चालू केल्यास मिळते. शाळेच्या वाय-फायला जोडलेला फोनही यासाठी चालतो.

त्याआधी जुन्या सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन 'सुडो मेक अनइन्स्टॉल' करावे आणि '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' या फोल्डरमधील फाइली डोळ्यांखालून घालाव्यात. बाहेरच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट बहुधा 'ब्लॅकलिस्ट' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ तेथे टाकून कर्नलमधील ड्रायव्हरला मज्जाव करतात. ती ओळ राहिली, तर नवे कर्नल बसवूनही डोंगल गप्पच राहील आणि कारण लवकर सापडणार नाही.

०बीडीए:१ए२बी या क्रमांकाचे डोंगल वेगळे किंवा सदोष नाही. विंडोजचा ड्रायव्हर सोबत देण्यासाठी उत्पादकाने त्यात एक लहानशी आभासी सीडी ठेवलेली असते आणि जोडल्यावर ते आधी सीडी म्हणून पुढे येते. फाइल मॅनेजरमध्ये त्या डिस्कवर 'इजेक्ट' करावे, की तेच डोंगल नव्या क्रमांकाने वाय-फाय म्हणून प्रकट होते. हे काम आपोआप करणारे 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज बसवून ठेवावे.

प्रश्न : माझ्याकडे डेबियन १२ आणि आरटीएल८८१२एयू चिपचे डोंगल आहे. 'मेक' दिल्यावर प्रथम '/लिब/मॉड्यूल्स'मधील 'बिल्ड' हे फोल्डर नसल्याची त्रुटी आली. ती दूर करून ड्रायव्हर बसवला, तर मॉड्यूल जोडणारी 'मॉडप्रोब' ही आज्ञा म्हणते, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. सिक्युअर बूट बंद करू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बंद करू नये. आपल्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०२५ मधील ६.१४ पासून आला आणि डेबियन १२ चे कर्नल ६.१ आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत कंपाइल करणे रास्तच आहे, फक्त त्याची पद्धत बदलावी लागेल.

'बिल्ड' ही वाट कर्नलच्या हेडर फाइलींकडे जाते आणि डेबियनमध्ये त्या मुळात बसवलेल्या नसतात. बहुतेक जण चालू आवृत्तीपुरते हेडर बसवून मोकळे होतात. त्याऐवजी 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज घ्यावे, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडरही येतील. त्यासोबत 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'डीकेएमएस' ही पॅकेजे बसवावीत. डीकेएमएस ही मूळची डेल कंपनीत तयार झालेली व्यवस्था आहे. ती ड्रायव्हरचा सोर्स '/यूएसआर/एसआरसी'मध्ये सांभाळते आणि नवे कर्नल आले की मॉड्यूल स्वतःहून पुन्हा कंपाइल करते. सोर्स निवडताना त्यात 'डीकेएमएस.कॉन्फ' ही फाइल आहे का आणि तो कोणत्या कर्नलपर्यंत चालतो, हे आधी वाचावे. मग पूर्वीचे मॉड्यूल काढून 'डीकेएमएस अ‍ॅड', 'बिल्ड' व 'इन्स्टॉल' या क्रमाने जावे आणि 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये 'इन्स्टॉल्ड' असे दिसते ना, ते पाहावे.

राहिला चावीचा प्रश्न. सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना कर्नल स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल घेत नाही आणि नुसत्या 'मेक इन्स्टॉल'ने बसवलेल्या मॉड्यूलवर आपल्या यंत्राला मान्य असलेली स्वाक्षरी नसते. डेबियन १२ मधील डीकेएमएस स्वतःची चावी तयार करून प्रत्येक मॉड्यूलवर स्वाक्षरी करते. ती चावी यंत्राकडे नोंदवण्याचे काम मात्र आपल्याला एकदाच करावे लागते. 'सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/लिब/डीकेएमएस/मोक.पब' ही आज्ञा द्यावी, एक तात्पुरता पासवर्ड ठरवावा आणि संगणक रीस्टार्ट करावा. निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' (मोक म्हणजे यंत्राच्या मालकाने नोंदवलेली चावी) निवडून तोच पासवर्ड द्यावा. हा पडदा काही सेकंदच थांबतो, म्हणून संगणकासमोरून उठू नये. संधी हुकली तर आज्ञा पुन्हा द्यावी. पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवावा, कारण तेथे कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते आणि चिन्हे इकडची तिकडे होतात.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचे वाय-फाय आहे. 'डीमेसेग'मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) फर्मवेअर लोड न झाल्याचा संदेश व 'एरर -२' दिसते. ड्रायव्हर कंपाइल करावा का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ड्रायव्हर आहे, म्हणूनच तो फर्मवेअर मागतो आहे. -२ याचा अर्थ मागितलेली फाइल सापडली नाही, एवढाच. फर्मवेअर ही चिपच्या आत चालणारी तयार फाइल असते आणि तिचा सोर्स इंटेल देत नसल्यामुळे ती कंपाइल करता येत नाही. आपण डेबियन वापरत असाल, तर १२ पासून अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतात. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्यांनी 'सोर्सेस.लिस्ट'मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग जोडून 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' हे पॅकेज बसवावे आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा.