मामांची येझदी आणि पीथमपूरची जावा

प्रश्न : नमस्कार. आमच्या मामांकडे जुनी येझदी रोडकिंग आहे. मी नवीन जावा घ्यायचं म्हणतोय तर मामा म्हणतात ही खरी जावा नाहीच, नुसतं नाव लावलंय. नक्की काय आहे? आणि मामांच्या गाडीचे पार्ट नव्या कंपनीकडे मिळतील का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मामांचं अर्धं बरोबर आहे. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागची. फ्रांतिशेक यानेचेक नावाचे इंजिनियर होते, त्यांचा धंदा खरा बंदुका-हातबॉम्बचा, त्यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसी मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोघांच्या नावाची सुरुवात जोडून जावा झाली. गाडी चांगली पण महाग, त्यात मंदी आली, म्हणून कंपनीला खरं तारलं ते १९३२ च्या स्वस्त १७५ सीसीने.

आपल्याकडे रुस्तम इराणींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, १९६० पासून चेक लायसन्सवर गाड्या तिथेच बनायला लागल्या आणि १९७३ पासून त्याच येझदी नावाने विकल्या. म्हणजे मामांची गाडी पक्की म्हैसूरची. आणि काय गाडी होती हो! २५० सीसी टू स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, जी किकची दांडी तीच गिअरची, आणि क्लच न दाबता गिअर बदलायची सोय, हे त्या काळी दुसऱ्या कुठल्या फटफटीत होतं सांगा. पण पेट्रोल प्यायची, वर त्यात ऑइल मिसळायचं, आणि १९८५ ला हीरो होंडाची १०० सीसी फोर स्ट्रोक आल्यावर लोक मायलेज बघायला लागले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला, फार वाईट झालं ते.

आता तुमची नवीन जावा. २०१८ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सने ती परत आणली, त्यात रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी भागीदार आहेत, त्यामुळे नुसतं नाव लावलंय हे म्हणणं मला पटत नाही. बनते आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला, जिथे आधी कायनेटिकच्या गाड्या बनायच्या आणि २००८ मध्ये महिंद्रांनी तो धंदा घेतला, म्हणजे राऊवरून पुढे गेलं की आलंच. येझदीसुद्धा २०२२ मध्ये तिथूनच परत आली. पण इंजिन साफ वेगळं, फोर स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, पहिली आली ती २९३ सीसीची. दोन सायलेन्सर तेवढे जुन्या आठवणीसाठी ठेवलेत.

त्यामुळे पार्टचं उत्तर नाही असंच आहे, नव्या इंजिनचं काही मामांच्या गाडीला बसणार नाही. जुन्या गाडीवाल्यांनाच विचारा, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, गावोगावी लोक गाड्या घेऊन जमतात, मामांना रोडकिंगसकट न्या, पार्ट कुठे मिळतो आणि कोणता मिस्त्री हात लावू शकतो हे तिथे लगेच कळेल.